अकरा चिठ्ठ्या आणि धाब्यावरची माती

पस्तीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, भावाने भावाचं डोकं फोडलेलं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. पण वहीच्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी अक्षरासकट डोळ्यांसमोर आहे.

मी शिकलेला माणूस नाही. दहावीत दोनदा आपटलो, मग शिपायात भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. त्यामुळे भाषा सरळच येईल. गावाचं नाव, माणसांची नावं लिहीत नाही. दोंडाईच्यापासून पाऊण तासाच्या अंतरावरचं गाव, एवढं पुरे.

होळीला पाच दिवस होते. सकाळी दहाची हजेरी घेऊन मी ठाण्यात टेबलावर बसलो होतो, तेवढ्यात त्या गावचे पोलीस पाटील आले. घामाघूम. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. वर होतं,

"होळीच्या पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या फार जवळ येतो. मंगळ, गुरू, शनी एका रांगेत. भूकंप होणार. आदला दिवस धरून तीन दिवस घरात झोपू नका. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी बाहेर काढा. गुरांची दावी सोडून ठेवा."

खाली सही नाही.

"एकच चिठ्ठी?" मी विचारलं.

"अकरा. अकरा दारांवर खळीनं चिटकाडेल व्हत्यात," पाटील म्हणाले. "एका पोऱ्यानं फोटो काढीसन मोबाइलवर टाका. बठ्ठा गाव बाहेर निंघना, भाऊ. होळी पाच दिवसांवर शे, पण लोक आजपासूनच खाटा बाहेर टाकी राहिनात."

आमचे प्रभारी साहेब तरुण होते, हुशार होते, परीक्षा देऊन आलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "घरं रिकामी करायची टोळीची युक्ती आहे. तीन दिवस गाव बाहेर झोपलं की कपाटं साफ. अफवा पसरवल्याचा गुन्हा दाखल करू. मला पौर्णिमेच्या आत आरोपी पाहिजे. वरून दोनदा फोन आलाय."

मलाही तसंच वाटलं. पोलिसाचं डोकं आधी चोराकडेच जातं.

गावात गेलो. दोन पंच घेऊन चिठ्ठ्यांचा पंचनामा केला. एका घरापुढे खाटेवर एक बाई सुनेला घेऊन बसली होती. सुनेचे दिवस भरत आलेले. सासूने मला पाहिलं आणि उठलीच.

"फौजदार, तो भूकंप कधी येस ते तरी सांगा. मन्ही सून नववा महिनामा शे. हिले कितला दिन बाहेर झोपाडू?"

"अक्का, भूकंप कोणाला विचारून येत नाही. घरात जा," मी म्हणालो.

"आनि उना तर? तुम्ही येशात का माती उचलाले?"

बाजूला पोरं जमली होती. त्यातला एक म्हणाला, "चोर येवो का भूकंप येवो, आमना घरमा काय शे? एक फुटेल हंडा!" सगळे हसले. पण हसणं वरवरचं होतं. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांचा सूर वेगळाच. ज्यानं हे केलं तो सापडला की ठाण्यात नेण्याआधी आमच्या हातात द्या, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आरोपी सापडला तर त्याला पकडण्यापेक्षा वाचवणंच अवघड जाणार.

पहिली खबर मिळाली ती बाजारातल्या एका जोशीबुवांची. पत्रिका पाहतात, मंगळ-शनी त्यांच्या तोंडात रोज. आणून बाकावर बसवलं. चहा दिला, मग डोळे वटारले. आमची पद्धतच तशी. गडी बिलकूल घाबरला नाही.

"फौजदार, मंगळ-शनी दाखवून मी लग्नं जमवतो. भूकंप सांगून मला दक्षिणा कोण देणार? ढिगाऱ्याखालचा?"

"मग हे लिहिलं कोणी?"

त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी लांब धरून वाचली. "हा पंचांगवाला माणूस नाही. चंद्र जवळ येतो की लांब जातो, हे आमच्या पंचांगात कुठे असतं? आम्ही तिथी बघतो, नक्षत्र बघतो. अंतर पेपरात छापून येतं. हा पेपर वाचणारा माणूस आहे."

जोशीबुवांना सोडलं. जाताना म्हणाले, "चहात साखर कमी होती."

दुसरा दिवस गावच्या राजकारणात गेला. ग्रामपंचायतीत दोन पार्ट्या. मी अकरा घरांची यादी काढली आणि कोण कोणत्या पार्टीचा ते लिहीत बसलो. जुळेना. सहा इकडचे, पाच तिकडचे. भाऊबंदकी पाहिली, जुनी भांडणं पाहिली, पण कुठलंच या यादीला बसेना. आणि गावात एका घराचीही कडी उचकटलेली नव्हती. दोन शिपाई साध्या कपड्यात फिरत होते, त्यांना संशयित दिसला तो एक कुत्रा.

पौर्णिमेला दोन दिवस राहिले. दुपारी जेवायला क्वार्टरवर गेलो तर यादी हातातच होती. बायको भाकरी वाढत होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "वाचा तरी मोठ्यानं. जेवताना कागदाशी बोलू नका."

वाचली. नाव, घराचा नंबर, काय दिसलं ते. पंचनाम्यात दार, ओटा, छप्पर, शेजारची घरं सगळं लिहावंच लागतं. चौथ्या घरापर्यंत आलो आणि ती भाकरी हातात घेऊन थांबली.

"अहो, ही सगळी धाब्याची घरं आहेत का?"

मी पाहिलं. अकराच्या अकरा. मधलं पत्र्याचं घर सोडलेलं, त्याच्या शेजारचं स्लॅबचं सोडलेलं, पुढचं धाब्याचं धरलेलं. मी ते सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगतो. धाब्याचं घर म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. खाली लाकडी तुळई, तिच्यावर कड्या, त्यावर काटक्या आणि सगळ्यांवर खारी माती थापलेली. या मातीतून पाणी झिरपत नाही आणि उन्हाळ्यात घर गार राहतं. दर साल पावसाआधी वर नवी माती टाकायची, ही आमच्याकडची रीत. माझी बायको अशाच घरात वाढली होती.

"दरवर्षी माती टाकायला माणूस लागतो," ती म्हणाली. "आमच्याकडे एकच म्हातारा यायचा, सगळ्या गल्लीचं करायचा. कोणाचं छत कुठे गळतं ते घरमालकाच्या आधी त्याला ठाऊक. त्या गावात कोण येतो ते विचारा."

मी अर्धी भाकरी तशीच टाकून उठलो. ती मागून ओरडली, "ताक तरी प्या!" प्यायलो नाही.

पाटलांना फोन केला. ते लगेच म्हणाले, "आबा शेतस ना. पण ते तीन साल पासून धाब्यावर चढतंच नही. कोणी बलावं तर नही म्हणतस."

आबा गावाच्या कडेला पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. वय सत्तरीच्या पुढे. अंगात बंडी, हाताच्या बोटांना मातीने कायमच्या पडलेल्या भेगा. मी आत गेलो तेव्हा ते पेपरातलं कात्रण वहीत चिकटवत होते. बाजूला वाटीत खळ होती.

मी काही विचारायच्या आत म्हणाले, "मीच लाव्यात चिठ्ठ्या. चप्पल घालू का?"

पस्तीस वर्षांत इतका लवकर कबूल झालेला आरोपी मी पाहिला नाही.

त्यांना ठाण्यात नेलं असतं तर वाटेत पारावरून जावं लागलं असतं. म्हणून मी तिथेच बसलो. वही मागितली. एक नव्हती, सात होत्या. प्रत्येक पानावर एक अमावास्या किंवा एक पौर्णिमा. खाली पेपरात आलेला भूकंप असेल तर त्याचं कात्रण, कुठे झाला, किती मेले, चंद्र कुठे होता, ग्रह कुठे होते.

पहिल्या पानावरचं कात्रण पिवळं पडलं होतं. गुजरातेतला भूकंप. झेंडावंदनाची सकाळ. आबांचा एकुलता मुलगा तिकडे सेंट्रिंगच्या कामावर गेला होता. दोंडाईच्याच्या स्टेशनवरून आबांनीच त्याला गाडीत बसवलं होतं. स्लॅबखाली सापडला. दोन दिवसांपूर्वीच अमावास्या झाली होती. आबांनी ते पेपरात वाचलं आणि तिथून वह्या सुरू झाल्या. एकोणीस वर्षं.

मी वह्या चाळत राहिलो. मग जे मनात आलं ते बोललो. "आबा, माझ्या धंद्यातलं सांगतो. गावात दहा चोऱ्या झाल्या आणि दहाही वेळा एक माणूस गावात होता, म्हणून तो चोर ठरत नाही. चोरी झाली नाही त्या दिवशी तो कुठे होता? तेव्हाही गावातच. तो राहतोच तिथे. तुमचा चंद्र महिन्यातून दोनदा हजेरी लावतो. भूकंपाच्या वेळी तो सापडणारच."

आबांनी माझ्या हातातली वही घेतली आणि मधलं एक पान उघडून दाखवलं. पौर्णिमा. खाली एवढंच लिहिलेलं, 'काही नाही'. पुढचं पान अमावास्या, 'काही नाही'. पुढचंही तेच. मी नुसती कात्रणं पाहत गेलो होतो, ती पानं मी पाहिलीच नव्हती. कात्रणांपेक्षा ती कितीतरी जास्त होती.

"माहीत शे माले," ते म्हणाले.

"मग चिठ्ठ्या का लावल्या?"

"एखादी वखत खरं निंघनं तर?"

मग आबांनी जे सांगितलं, ते मी जबाबात जसंच्या तसं घेतलं.

"त्या अकरा घरांवर तीस साल माती मीच टाकी. दर साल नवी टाकानी, जुनी कोणी काढं नही. कोणी सांगितलं नही आनि मालेबी सुचलं नही. आते वर इतली माती शे," आणि त्यांनी हात कमरेपर्यंत नेला. "खालनी तुळई सडी गयी. तीन साल पासून दारोदार सांगी राहिनू, माती उतारा. म्हणतस, आबाले मजुरी पाहिजे. मन्हा पोऱ्या दुसऱ्याना स्लॅबखाल गया, फौजदार. पण आठे धरती हालनी तर त्या लोकले भूकंप मारावं नही. मन्ही माती मारी."

म्हणून ग्रह. तुळई सडली म्हटल्यावर कोणी ऐकलं नाही, मंगळ-शनी म्हटल्यावर गाव बाहेर आलं. आबा खोटं बोलत होते का? नाही. अर्धा विश्वास त्यांचा ग्रहांवर होताच. उरलेला अर्धा त्या तुळईवर होता.

ठाण्यात येऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब ऐकून म्हणाले, "वाईट वाटतं. पण गुन्हा तो गुन्हा. उद्या दुसरा कोणी असंच करेल." त्यांचंही चूक नव्हतं. वरून विचारणा होती आणि त्यांना कागदावर नाव द्यायचं होतं. मला मात्र दिसत होतं की आबांचं नाव कागदावर आलं की संध्याकाळपर्यंत गावात पोहोचणार, आणि मग या वयात त्या म्हाताऱ्याला पारावरची माणसं तुडवणार. वर पुन्हा अकरा घरांचे लोक म्हणणार, लबाड होता, चला आत झोपायला.

मी म्हणालो, "साहेब, आरोपी अटक करण्याआधी एकदा घटनास्थळाला भेट द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, मी आणि आबा त्या दिवस भरलेल्या सुनेच्या घरात गेलो. घरधन्याला, सासूला, पाटलांना आत बोलावलं. साहेबांना बसायला खुर्ची दिली, नेमकी तुळईखाली. आबांनी एक लोखंडी सळई मागितली, खाटेवर चढले आणि तुळईत टोचली. मला वाटलं टण् वाजेल. सळई आत गेली. पिठाच्या डब्यात बोट घालावं तशी, वीतभर. वरून पिवळा भुसा साहेबांच्या टोपीवर पडला.

साहेब उठले, टोपी झटकली आणि खुर्ची तिथेच सोडून अंगणात जाऊन उभे राहिले.

सासू वर बघतच होती. मग घरधन्याला म्हणाली, "ह्या आबाले तू काय बोलना व्हता? मजुरी पाहिजे म्हणे!" त्याची मान खाली.

साहेबांनी पारावर माणसं जमवली. आबा त्यांच्या शेजारी उभे. एकाने विचारलंच, "चिठ्ठ्या कोणी लाव्यात, साहेब?"

"चिठ्ठ्यांचं मी बघतो," साहेब म्हणाले. "आधी फावडी आणा. भूकंप होणार की नाही ते मला माहीत नाही, कोणालाच माहीत नसतं. पण ती तुळई मी डोळ्यांनी पाहिली. तिला भूकंपाची गरज नाही."

लोक खुळे नसतात. कोणी लावल्या ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. पण साहेबांचा हात आबांच्या खांद्यावर होता, आणि आबा आधीच शिडी मागत होते.

होळीच्या आदल्या दिवशी आणि होळीच्या दिवशी गाव धाब्यांवर होतं. तीन वर्षं वर न चढलेला म्हातारा सगळ्यांच्या पुढे. आधी कडेची माती काढायची की मधली, खाली कुठे टेकू द्यायचा, सगळं ओरडून सांगत होता. "ए गयभान्या, मधमा उभा राहू नको, खाल जाशी!" नऊ घरांची माती उतरली. दोन घरांनी ऐकलं नाही. त्या सुनेच्या घरची तुळई खाली काढताना हातातच दोन तुकडे झाली. पौर्णिमा आली, चंद्र खरंच मोठा दिसला आणि धरती काही हलली नाही.

स्टेशन डायरीत साहेबांनी लिहिलं, चौकशी केली, चोरीचा हेतू आढळून आला नाही, संबंधितास समज देऊन जबाब नोंदवून सोडण्यात आले. मग मला विचारलं, "धाब्याचं तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हणालो, "अनुभव, साहेब." त्यांनी माझ्या सेवापुस्तकात चांगल्या तपासाचा शेरा मारला. तो मी घरी दाखवला. बायको हसली आणि म्हणाली, "बरं झालं." एवढंच.

त्यानंतर दोन आठवड्यांत करोनामुळे सगळा देश बंद झाला. गावात लोक म्हणायला लागले, आबांचे ग्रह खरे निघाले. आबा चिडले. "मी भूकंप सांगा व्हता, रोग नही!"

पुढे मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी बायको गेली. सकाळी चहा देताना म्हणाली, पाठ भरून आलीय. मी पेपर वाचत होतो. तासाभराने सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेरावं झाल्यावर मी एक वही आणली. तिचे शेवटचे दोन महिने आठवून आठवून लिहायला लागलो. कोणत्या दिवशी जेवली नाही, कधी दम लागला, कधी हात चोळला. कोणती तिथी होती तेसुद्धा. मला कुठेतरी खूण पाहिजे होती. ती सापडली असती तर माझा गुन्हा तरी पक्का झाला असता. पोरांना दाखवलं तर त्यांना काळजी वाटेल, म्हणून मोटारसायकल काढली आणि आबांकडे गेलो. आता ऐंशीच्या घरात आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय.

त्यांनी माझी वही पूर्ण वाचली. एक पान सोडलं नाही. मग विचारलं, "पाठ दुखस, असं वहिनी आधीबी म्हणत व्हती का?"

"हो. दोन दिवसाआड."

"किती साल पासून?"

"दहा-बारा."

"मंग?" आबा म्हणाले. "ते पानं कोठे शेतस?"

माझाच प्रश्न होता. चोरी झाली नाही त्या दिवशी तो कुठे होता? मी त्यांच्या खोलीत बसून तो त्यांना विचारला होता, तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आता तो मला विचारला गेला आणि मी त्यांच्यासमोर रडलो. त्यांनी रडू दिलं. पाणी दिलं.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "फौजदार, एक सांग. त्या वखतले धाब्यानं तुले कसं समजनं? कोणी सांगं व्हतं?"

त्या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. मी पहिल्यांदाच खरं बोललो. "तिनं सांगितलं. भाकरी वाढताना."

आबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "तारखा कसाले लिहस? ते लिही."

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ग्रहांवरून भूकंप सांगता येत नाही, हे मला आधीही वाटत होतं आणि आबांच्या सात वह्यांनी ते पक्कं केलं. पण ज्याचं माणूस काही न सांगता गेलं, तो खूण शोधणारच. त्याला हसू नये. मी हसलो नव्हतो असं नाही, पहिल्या दिवशी ठाण्यात चिठ्ठी वाचून आम्ही सगळेच हसलो होतो.

सेवापुस्तकातला तो शेरा आता बदलता येत नाही. म्हणून इथे लिहितो. अकरा चिठ्ठ्यांचा तो तपास मी लावला नाही. माझ्या बायकोने लावला, दुपारी दीडच्या सुमारास, हातात भाकरी घेऊन. मी तिचं ताक न पिता निघून गेलो होतो.